आंब्यावरचं बांडगूळ: नुसता झुबका उडवू नका, गाठ काढा

मे अखेरीस आंबा उतरवून झाला की बागेतलं एक काम लगेच हाती घ्यावं, ते म्हणजे झाडांवरची बांडगुळं काढणं. बहुतेक बागांत हे काम होतं, पण अर्धवट होतं. गडी वर चढतो, कोयत्याने हिरवा झुबका उडवतो, खाली ढीग पडतो आणि झाड मोकळं दिसायला लागतं. पावसाळा सरला की त्याच गाठीतून एकाच्या जागी पाच-सहा फुटवे आलेले असतात. दरवर्षी मजुरी जाते आणि दरवर्षी बांडगूळ वाढतं. याचं कारण साधं आहे. वर दिसतो तो झुबका म्हणजे बांडगुळाची नुसती पानं. त्याचं मूळ फांदीच्या लाकडात असतं, आणि ते तसंच राहतं.

आधी ओळख पटवा

फांदीवर उगवलेलं सगळंच बांडगूळ नसतं. 'झाड साफ करा' एवढंच सांगून माणूस वर चढवला, तर तो आमरीही (ऑर्किड) ओरबाडतो आणि नेचेही. म्हणून कामाआधी एकदा झाडाखाली उभं राहून काय काढायचं आणि काय ठेवायचं ते ठरवून घ्या.

आंब्याचं पान लांबट, टोकदार असतं आणि चुरगळलं की कैरीचा वास येतो. बांडगुळाचं पान जाड, कातड्यासारखं, टोकाला बोथट असतं. त्याच्या हिरव्या रंगावर राखाडी झाक असते, पानं बहुधा समोरासमोर येतात, आणि पान दुमडलं की कट्कन मोडतं. कैरीचा वास नाही. त्याच्या काड्या राखाडी आणि ठिसूळ. झुबका जिथे फांदीला जोडलेला असतो तिथे फुगीर गाठ दिसते, जुन्या बांडगुळाची तर नारळाएवढीसुद्धा. गाठीच्या पुढची आंब्याची फांदी रोडावलेली, कमी पानांची, कधी पूर्ण वाळलेली असते.

हिरव्यात हिरवं लपतं, त्यामुळे आंब्यावर लहान बांडगूळ खालून सहज दिसत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात, सूर्य झाडाच्या पलीकडे असताना बघा. दाट, काळसर पुंजके उठून दिसतात. दुसरी खूण जमिनीवर सापडते. बांडगुळाचं फूल नळीसारखं, नारिंगी-लालसर, बोटाच्या दोन पेरांएवढं असतं. आंब्याखालच्या पाचोळ्यात अशी फुलं पडलेली दिसली की वर पाहा, बांडगूळ आहेच. शिंजीर पक्षी एखाद्या पुंजक्याभोवती सारखे घिरट्या घालत असतील तर तीही खूण.

आता ठेवायचं काय ते. बाशिंग नावाचा मोठ्या पानांचा नेचा, सीतेची वेणी म्हणतात त्या आमऱ्या, दगडफूल, शेवाळ हे सगळे फांदीवर फक्त बसलेले असतात. सालीच्या आत त्यांचं काही जात नाही. पावसाचं पाणी, धूळ, कुजलेला पाला यांवर ते जगतात. दगडफुलाने फांदी वाळली असं अनेकजण म्हणतात. खरं तर फांदीची वाढ मंदावली, पानं विरळ झाली आणि ऊन आत आलं म्हणून दगडफूल पसरलेलं असतं. खरडून काही साधत नाही, उलट सालीला इजा होते.

वड, पिंपळ, उंबर यांची रोपं मात्र ठेवू नका. ती आंब्याचा रस पीत नाहीत, पण बेचक्यात रुजून मुळं खाली सोडतात आणि काही वर्षांत खोडाला वेढा घालतात. वीतभर असताना पावसाळ्यात ओल्या बेचक्यातून हाताने उपटून येतात. मुळं जमिनीला टेकली की काम अवघड होतं. पिवळ्या दोऱ्यांसारखी बिनपानांची अमरवेल दिसली तर ती तुकडा न तुकडा वेचून काढायला हवी, कारण हिरव्या फांदीवर राहिलेल्या तुकड्यातूनही ती पुन्हा पसरते.

बांडगूळ फांदीत शिरतं कसं

बांडगुळाची फळं साधारण १ सेंटिमीटर लांब, पिकली की गुलाबी-लालसर आणि मऊ. ती फुलटोच्या खातो, आपल्या अंगणातल्या पाखरांमधलं हे सगळ्यांत लहान पाखरांपैकी एक. बीभोवती चिकट गर असतो. तो पचत नाही, बी काही मिनिटांतच बाहेर पडतं आणि पाखराला ते फांदीला घासून पुसावं लागतं. कधी कधी अशा बियांची चिकट तारेत ओवलेली माळच काडीवरून लोंबताना दिसते.

बी असं काडीला चिकटलं की त्याला माती लागत नाही. त्यातून हिरवट देठ निघतो, टोकाला गोल फुगतो, उजेडाकडे न जाता सालीकडे वाकतो आणि तिथे चकतीसारखा चपटा होऊन बसतो. चकतीच्या तळातून शोषक मूळ सालीतून थेट लाकडात शिरतं आणि आंबा मुळांतून वर चढवतो ते पाणी व क्षार परस्पर ओढायला लागतं. पानं हिरवी असल्यामुळे अन्न ते स्वतः करतं, पण पाण्याचा सगळा भार आंब्यावर. उन्हाळ्यात आंबा पाणी राखायला बघतो तेव्हाही बांडगूळ पाणी उडवतच राहतं. म्हणून गाठीच्या पुढचा भाग आधी वाळतो.

या गोष्टीतून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, पाखरू लांब जायच्या आत बी टाकतं, त्यामुळे बरंचसं बी त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर पडतं. बागेत एक झाड बांडगुळाने भरलेलं आणि चार ओळी पलीकडचं स्वच्छ, असं दिसतं ते यामुळे. फळं धरलेलं बांडगूळ ज्या झाडावर आहे तिथून सुरुवात करा. दुसरी, गाठीपासून सालीवरून दोऱ्यासारखी मुळं सरपटत जातात, पुढे ती पेन्सिलीएवढी जाड होतात आणि वाटेत थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा लाकडात घुसतात. मुख्य गाठ काढली आणि ही सरपटती मुळं राहिली, तर प्रत्येक घुसलेल्या जागेतून नवं बांडगूळ उभं राहतं.

मोठी गाठ कापून आडवी चिरली तर हे डोळ्यांनी दिसतं. आंब्याचं लाकूड आणि बांडगुळाचं लाकूड सपाट रेषेत भेटत नाहीत. फुलाच्या पाकळ्यांसारख्या वळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात. नवीन गड्याला काम शिकवताना अशी एक गाठ चिरून दाखवा. कोयता नुसता झुबक्यावर का चालवायचा नाही हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

कधी काढायचं

कोकणात सर्वांत चांगली वेळ म्हणजे काढणी संपल्यापासून पाऊस लागेपर्यंतची. झाडावर फळ नसतं, फांद्या कोरड्या असतात, जखमेवर लावलेला लेप वाळतो आणि पावसाळ्यात झाड नवी पालवी काढून जखम भरायला लागतं. हापूसला मोहोरासाठी कल्टार हे औषध देत असाल तर त्याआधी हे काम झालेलं असावं. बांडगुळाने अर्धी फांदी वाळवलेल्या झाडाला कल्टार देऊन मोहोराची अपेक्षा धरणं म्हणजे दुबळ्या झाडाला आणखी ओढणं.

ऑक्टोबरमध्ये मोठी छाटणी टाळा. कापलेल्या बाजूला मोहोराऐवजी पालवी फुटते आणि त्या बाजूचा हंगाम जातो. बोटाएवढ्या काडीवरचं कोवळं बांडगूळ मात्र दिसेल तेव्हा, कोणत्याही महिन्यात काढा. फळं पिकायला लागली आणि मोठं काम करायला वेळ नाही, अशी अडचण असेल तर निदान फळं धरलेले झुबके तोडून खाली आणा. ते फुटतील, पण वर्षभराचं बी झाडावर पडणं थांबेल.

पाहणी हिवाळ्यातच उरका. बांडगूळ असलेल्या झाडाच्या खोडाला चुन्याने खूण करा, गाठी किती आणि कोणत्या बाजूला ते वहीत लिहा. मे महिन्यात गडी मिळतात ते मोजक्या दिवसांसाठी, तेव्हा शोधाशोध करायला वेळ उरत नाही.

साहित्य आणि सावधगिरी

छाटणीची करवत, सिकेटर, बांबूला बांधलेली करवत, पटाशी आणि हातोडा, दोन मजबूत दोर, शिडी, कमरेचा सुरक्षा पट्टा, हेल्मेट, गॉगल. कोयता शेवटी, तोही बारीक काड्यांसाठीच. जाड फांदीवर कोयत्याने साल सोलवटते आणि फांदी फाटते.

गाठीवर किंवा गाठीच्या पुढच्या भागावर पाय देऊ नका. तिथलं लाकूड कमजोर असतं आणि फांदी नेमकी गाठीतच मोडते. चढण्याआधी हुमल्यांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी आणि गांधीलमाश्यांची पोळी बघून घ्या. विजेची तार जवळ असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा वापरायचाच नाही. ओला बांबूही धोक्याचा. खाली एक माणूस कायम हवा, आणि तो फांदीच्या सावलीत उभा राहायला नको.

फांदी कापताना

मनगटापर्यंत जाडीची फांदी असेल तर गाठ कोरत बसू नका, फांदीच काढा. सगळ्यांत खालची गाठ किंवा सरपटतं मूळ कुठे संपतं ते शोधा. तिथून खोडाच्या बाजूला आणखी ३० ते ४५ सेंटिमीटर मोजा आणि त्याच्या मागच्या पहिल्या बेचक्याशी कापा. मध्येच खुंट ठेवला तर तो वाळत मागे येतो.

वजनदार फांदी एका कापात काढायला गेलात तर ती पडताना खोडाची साल पट्ट्यासारखी सोलून नेते. म्हणून तीन काप घ्या:

१. शेवटच्या कापाच्या जागेपासून साधारण ३० सेंटिमीटर बाहेर, खालच्या बाजूने फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश कापा.

२. त्याच्या ४-५ सेंटिमीटर बाहेर, वरून पूर्ण कापा. फांदी दोराने बांधलेली असेल तर सावकाश खाली सोडा.

३. उरलेला खुंट बेचक्याशी कापा. फांदीच्या बुडाशी जी फुगीर वळी असते ती ठेवून, तिच्या लगत बाहेरून. वळी कापली तर जखम मोठी होते आणि भरायला फार वेळ घेते.

आता कापलेली जागा नीट बघा. आंब्याचं निरोगी लाकूड एकसारखं दिसतं. त्यात वेगळ्या रंगाच्या पाचरी किंवा सालीखाली हिरवट रेघा दिसल्या तर बांडगूळ अजून आत आहे. आणखी मागे या. बहुतेकांचं काम इथेच फसतं. वर चढलेल्या माणसाला खाली उतरायची घाई असते आणि खालच्याला दिसत नाही. खाली आलेली प्रत्येक फांदी कापाच्या बाजूने तपासायची सवय लावा, कारण जे खालच्या तोंडावर दिसतं तेच वर राहिलेलं असतं.

एका वर्षात झाडाच्या पसाऱ्याचा पाव भाग, त्याहून जास्त काढू नका. झाड भरून गेलेलं असेल तर काम तीन वर्षांत वाटा: पहिल्या वर्षी फळं धरलेली आणि शेंड्याकडची, मग मधली, मग उरलेली. शेंडा आधी का, तर पाखरू वर बसतं आणि बी खालच्या फांद्यांवर पडतं.

मुख्य फांदीवर किंवा खोडावर गाठ असेल तर

इथे फांदी काढता येत नाही. झुबका गाठीशी सपाट कापा. पटाशीने गाठ कोरून काढा, कडेची साल २-३ सेंटिमीटर जास्त घेऊन, स्वच्छ लाकूड लागेपर्यंत. सरपटती मुळं ओढून न काढता, त्यांच्या प्रत्येक घुसलेल्या जागेवर पटाशी लावा. एक मर्यादा पाळा: फांदीच्या घेराच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त साल एका वेळी काढायची नाही. साल चहूबाजूंनी गेली तर बांडगुळाआधी फांदीच मरेल.

कोरताना भुसा भरलेली भोकं दिसली तर ती बांडगुळाची नव्हेत, भिरूड (खोड पोखरणारी अळी) आहे. तारेने अळी काढून त्याचा बंदोबस्त वेगळा करा आणि मगच लेप लावा.

कोरलेल्या जागेतून फुटवे येणारच, हे धरून चाला. दर दोन-तीन महिन्यांनी फेरी मारून ते बोटभर असतानाच खुडायचे. पानं मिळाली नाहीत तर आतलं मूळ हळूहळू दुबळं होतं. एक-दोन वर्षं चिकाटी लागते. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये तिकडच्या बांडगुळासाठी कापलेल्या जागेवर जाड काळं प्लॅस्टिक गुंडाळून उजेड तोडण्याची शिफारस आहे. तत्त्व बरोबर आहे, पण कोकणच्या पावसात प्लॅस्टिकखाली पाणी साचून साल कुजते. वापरायचंच तर पाऊस संपल्यावर बांधा आणि जूनपूर्वी सोडा.

बोर्डो पेस्ट

कापलेल्या आणि कोरलेल्या जागेवर लावायचा लेप तो हाच. चार-पाच झाडांना पुरेल एवढी पेस्ट: मोरचूद १०० ग्रॅम, कळीचा चुना १०० ग्रॅम, पाणी १ लिटर.

मोरचूद कुटून फडक्याच्या पुरचुंडीत बांधा आणि प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात अर्धा लिटर पाण्यात रात्रभर लोंबती ठेवा. तळाशी टाकली तर लवकर विरघळत नाही. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं चालत नाही, मोरचूद ते खातं आणि द्रावण बिघडतं. दुसऱ्या भांड्यात चुन्यावर थोडं थोडं पाणी शिंपडून तो फुलवा. चुना उकळतो, शिंतोडे डोळ्यांत गेले तर गंभीर इजा होते, तेव्हा गॉगल लावूनच. मग उरलेलं पाणी मिळून अर्धा लिटर करा, गाळा आणि पूर्ण थंड होऊ द्या. दोन्ही द्रावणं तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओता आणि काठीने ढवळत राहा. आकाशी निळा, दाटसर लेप तयार होतो.

घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळं आहे, ते सालीला जाळेल; थोडी चुन्याची निवळी घालून पुन्हा तपासा. दुकानातल्या चुन्याच्या भुकटीत जोर कमी असतो, तिने केली तर ही चाचणी हमखास चुकते आणि चुना वाढवावा लागतो.

ब्रशने किंवा काथ्याच्या कुंच्याने कापलेल्या जागेवर आणि भोवतालच्या ५-७ सेंटिमीटर सालीवर लावा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा, शिळी पेस्ट चिकटत नाही. पाऊस संपल्यावर मोठ्या जखमांवर दुसरा हात द्या. ही पेस्ट बांडगुळाला मारत नाही, हे लक्षात असू द्या. ती बुरशी रोखते, एवढंच. बांडगूळ आत ठेवून वरून कितीही निळं रंगवलं तरी ते फुटणारच.

औषध मारून जाईल का

डिझेलचं साबणपाण्यातलं मिश्रण, टू-फोर-डी, फांदीला भोक पाडून मोरचूद भरणं, असे उपाय जुन्या पुस्तकांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. फळबागेत यांपैकी काहीही करू नका. बांडगुळाची आणि आंब्याची पाण्याची वाट एकच आहे. टू-फोर-डी हे रुंद पानांच्या वनस्पती मारणारं तणनाशक, आणि आंबाही रुंद पानांचाच. डिझेलने पानं करपतात, झुबका गळतो, गाठ जिवंत राहते. बाजूची आंब्याची पालवी मात्र जळते. करवतीला पर्याय नाही.

कापलेल्या मालाचं काय

बांडगूळ जमिनीवर पडून मातीत रुजत नाही, त्यामुळे जाळलंच पाहिजे असं नाही. पण पिकल्या फळांचा ढीग बांधावर ठेवला तर पाखरं तिथूनच खातात. फळं असलेले झुबके पाल्याखाली दाबा किंवा खड्ड्यात पुरा. बिनफळाचा पाला शेळ्या आवडीने खातात, झाडावर नुकती फवारणी झालेली नसेल तर घाला. कण्हेरीवर वाढलेलं बांडगूळ मात्र कुठल्याच जनावराला देऊ नका. कण्हेरीचं विष त्याच्यात उतरतं. त्याच कारणाने, कोणत्या झाडावरचं आहे हे न कळता बांडगुळाचा काढा घेणंही धोक्याचं आहे.

चिकू, पेरू, काजू, डाळिंब, जांभूळ यांवरही हेच बांडगूळ येतं आणि पद्धत हीच. डाळिंबाला झुडपासारखी खोडं अनेक असतात, तेव्हा कोरत न बसता ते एक खोड खालून काढा आणि नवा फुटवा धरा.

बांधापलीकडच्या पडीक बागेत बांडगुळांनी भरलेली झाडं असतील तर तुमच्या बागेत बी येतच राहणार. मालकाशी बोलून निदान सीमेलगतच्या दोन ओळी एकत्र साफ करा. देवराईतलं किंवा रानातलं बांडगूळ मात्र राहू द्या. फुलटोच्या आणि शिंजीर त्यावर जगतात, आणि हळदीकुंकू नावाचं देखणं फुलपाखरू आपली अंडी बांडगुळाच्या पानांवर घालतं.

काढायच्या फांदीवर आमरी असेल तर

असं बऱ्याचदा होतं, कारण जुन्या आंब्यावर दोन्ही एकत्र नांदतात. आमरीची मुळं सालीवरून खरवडू नका. तुटलेली मुळं पुन्हा धरत नाहीत. आमरीच्या दोन्ही बाजूंना वीतभर सोडून फांदीचा तुकडा कापून घ्या. त्यावर बांडगुळाचं सरपटतं मूळ नाही ना, ते बघा; असेल तर तेवढं पटाशीने काढा. तसं ते फारसं जगत नाही, कारण तुटलेल्या लाकडातून त्याला पाणी मिळत नाही.

तो तुकडा दुसऱ्या खडबडीत सालीच्या फांदीवर, पानांतून गाळून ऊन येईल अशा बाजूला ठेवा. पानं मूळ फांदीवर ज्या दिशेला होती तीच दिशा ठेवा आणि काथ्याने दोन ठिकाणी घट्ट बांधा. नायलॉनची दोरी नको, फांदी जाड होताना ती सालीत रुतते. काथ्या तोवर आपोआप कुजून जातो. पाऊस लागेपर्यंत एक दिवसाआड संध्याकाळी पाणी शिंपडा. जुलै-ऑगस्टमध्ये हिरव्या टोकाची नवी मुळं नव्या सालीला चिकटलेली दिसली की आमरी लागली.